बोट कुणासाठी थांबते

हेरबोर्गवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याविषयी काही बरं बोललेच, तर ते तोंडदेखलं नाही हे तुम्हाला कळेल.

आमची दोघींची घरं स्वार्तोया बेटाच्या एकाच काठावर आहेत. मध्ये एक कुरण, एक मोडकं कुंपण आणि तिचं होडीघर. हिवाळ्यात बेटावर राहणारी माणसं आता इतकी कमी उरली आहेत, की कुणाकडे दिवा कधी लागला आणि कधी मालवला हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, ती होडीघरात टांगलेला सुका मासा आणायला गेली. दारातून आत शिरतानाच बर्फावरून पाय सटकला आणि बाई खुब्यावर आपटल्या. उठता येईना. फोन एप्रनच्या खिशात होता, चांगला चार्ज केलेला. माझं स्वयंपाकघर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि वाराही माझ्याच दिशेनं वाहत होता.

पण हेरबोर्ग पडून राहिली. का? तर शनिवार होता. शनिवारी दुपारी आमच्याकडे घरोघरी तांदळाची दाट खीर असते, वर दालचिनी-साखर आणि मधोमध लोण्याचा गोळा. ती म्हणे मनात म्हणाली, योरुन आत्ता खीर खात असेल, खाऊ दे बिचारीला सुखानं. मग म्हणाली, आता ती जरा आडवी झाली असेल. मग म्हणाली, आता अंधार पडायलाच आलाय, ती बातम्या लावून बसली असेल, कशाला उठवा. हे सगळं तिनंच मला नंतर दवाखान्यात सांगितलं, आणि तेही असं, की जसं काही मी तिचे आभार मानायला हवेत.

अंधार पडला तरी तिच्याकडे दिवा लागेना, म्हणून मी बॅटरी घेऊन गेले, तेव्हा सापडली. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता. पुढं न्यूमोनिया झाला आणि डाव्या पायाचा गारठून काळा पडलेला अंगठा कापावा लागला. मला बघून तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "अगं, तू कशाला आलीस एवढ्या थंडीत?"

त्या क्षणी मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली होती. अजूनही मधूनमधून वाटते.

तिचं सगळं आयुष्य धक्क्यावर गेलं. नवरा, आस्बियोर्न, ऐन उमेदीत हृदयविकारानं गेला. धक्क्याचं काम त्याचं होतं, ते तिनं उचललं. बोट आली की दोर झेलायचा, खुंटाला अडकवायचा, माल उतरवून घ्यायचा, टपालाची पिशवी चढवायची, चढ-उताराची फळी ओढायची. उशिरा धावत येणाऱ्याची ती बिलकूल गय करायची नाही. "बोट काय तुझ्या बापाची आहे? आत पन्नास माणसं खोळंबलीत!" हे वाक्य बेटावरची पोरं खेळतानासुद्धा तिच्याच आवाजात म्हणायची. एकदा खुद्द पाद्रीबुवा झगा सावरत धावत आले, तर तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत फळी ओढली होती. त्यानंतरच्या रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसली, ताठ मानेनं.

पुढं दुकान बंद झालं, शाळा बंद झाली, आणि बोट आमच्याकडे रोज थांबेनाशी झाली. आता ज्याला जायचं असेल त्यानं आदल्या दिवशी फोन करून कळवायचं, मग बोट आमच्याकडे वळते. नाहीतर समोरून सरळ निघून जाते. हा नियम आल्यापासून हेरबोर्गनं बोटीला एकदाही फोन केलेला नव्हता. "एका म्हातारीसाठी एवढी मोठी बोट वळवायची? जनाची नाही तर मनाची तरी?" तिला कुठं जायचं असलं की ती आधी बेटभर चौकशी करत फिरायची. गुरुवारी कोण चाललंय, कुणाची दाढ दुखतेय, कुणाला चष्मा करायचाय. मग त्या माणसाच्या आडोशानं आपलं काम उरकून यायची.

तिचा एकुलता एक मुलगा, स्टाइनार, दक्षिणेला ब्रोनोयसुंदला असतो. शाळेत सुतारकाम शिकवतो. ईस्टरला आला तो ठरवूनच आला होता. त्याच्या घराजवळ नगरपालिकेची म्हाताऱ्या माणसांसाठी छोटी छोटी घरं आहेत, त्यातलं एक रिकामं होणार होतं.

"पलंगाशेजारी बटण आहे, आई. दाबलं की बाई धावत येते."

"मला नको कुणी धावत यायला."

"तेच ना! तू बटण दाबणारच नाहीस. पण रोज सकाळी कुणीतरी दार उघडून बघेल तरी, तू आहेस का गेलीस."

"मी इथंच बरी आहे. मला कुणाचा त्रास नाही आणि माझा कुणाला नाही."

"तुझा मला त्रास आहे!" स्टाइनार एवढ्यानं ओरडला की कपातली कॉफी बशीत आली. मी तिथंच बसले होते. मी साखरेकडे बघत राहिले.

मग तूवाचा विषय निघाला. तूवा म्हणजे त्याची मुलगी. मे महिन्यातल्या एका रविवारी तिचं कन्फर्मेशन होतं, म्हणजे मुलं मोठी होताना चर्चमध्ये होतो तो विधी. स्टाइनार म्हणाला, मी शुक्रवारी तुला न्यायला येतो. हेरबोर्ग म्हणाली, काही गरज नाही, मी माझी येईन. बोटीनं. "जन्मभर लोकांना बोटीत चढवलं. मी स्वतः कुठं गेले? सात बहिणींचे डोंगर मी आजवर फक्त पाठीमागून बघितलेत. एकदा समोरून बघू दे की."

स्टाइनारनं बशीतली कॉफी कपात परत ओतली. मग म्हणाला, "ठीक आहे. ये. सगळं तुझं तू ठरव. शनिवारी संध्याकाळी माझ्या धक्क्यावर उतरलीस, तर सोमवारी मी त्या घराला नको म्हणून कळवतो आणि पुन्हा कधी विषय काढत नाही. नाही उतरलीस, तर सामान बांधायचं."

"कबूल. आणि वाटेत कुणाकडे काही मागणार नाही, तेही लिहून घे."

"ते तू म्हणतेयस. मी नाही म्हणालो," स्टाइनार म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "योरुन, तू जा तिच्याबरोबर. पायाचं अजून धड नाही. पण मदत नाही करायची आणि सल्लाही नाही द्यायचा."

"म्हणजे दिवसभर गप्प बसायचं?"

"जमेल?"

"नाही," मी म्हटलं, "पण जाते."

त्या दिवसापासून हेरबोर्गच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. वेळापत्रकं आता छापील मिळत नाहीत, सगळी फोनवर. ती भिंग लावून फोनमधून एकेक ओळ वाचायची आणि भिंतीला लावायच्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत उतरवायची. आमच्या बोटींच्या वेळापत्रकात आकड्यांपेक्षा खुणाच जास्त. चांदणी म्हणजे शनिवारी नाही. फुली म्हणजे शाळा चालू असेल तरच. वर्तुळ म्हणजे सांगितलं तरच थांबणार. ती पेन्सिल कानाला अडकवून पुटपुटत बसायची आणि मी समोर बसून मोजे विणायची, ओठ घट्ट मिटून.

पहिलीच अडचण आमच्याच धक्क्याची. शनिवारी बोट वळवायची तर फोन करायला हवा. चार दिवस ती त्यावर अडून बसली. पाचव्या दिवशी माझ्याकडे आली, चेहरा खुललेला.

"तुझ्या कोंबड्यांचं खाद्य मागवलंय. दहा पोती. शनिवारच्या बोटीनं येतंय."

"दहा? मला पाच कोंबड्या आहेत गं बाई!"

"खातील हळूहळू. मालासाठी बोटीला थांबावंच लागतं. माल उतरेल, आपण चढू. कुणाला काही सांगायला नको."

मी तोंड उघडलं. तिनं हाताचं बोट वर केलं. "अट." मी तोंड मिटलं.

दुसरी अडचण खरी होती. स्वार्तोयाहून सान्नेशेन, तिथून दुसऱ्या बोटीनं दक्षिणेला हेस्तविका, आणि तिथं बोट बदलून ब्रोनोयसुंद. हेस्तविका म्हणजे समुद्रातला एक खडक, त्यावर धक्का आणि पत्र्याची शेड. तिथून पुढं जाणारी शनिवारची ती शेवटची बोट. तिच्यानंतरची रविवारी संध्याकाळी, म्हणजे चर्च आटोपून, केक संपून, पाहुणे घरी गेल्यावर. आणि दोन बोटींमध्ये वेळ इतका थोडा, की धडधाकट माणसानंही पिशव्या आधीच हातात धरून ठेवाव्यात. वारा असला तर संपलंच.

शुक्रवारी निघून सान्नेशेनला मुक्काम केला असता तर काही प्रश्नच नव्हता. तिथं तिची चुलतबहीण राहते. पण तिला कळवायला हवं. "मग ती पडदे धुणार, केक करणार, स्वतः सोफ्यावर झोपणार आणि मला पलंग देणार. नको."

वेळापत्रकात हेस्तविकाच्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की आधीच्या बोटीवरून कळवलं तर ही बोट थांबते. आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला हे माहीत असतं. तुम्ही खलाशाला सांगता, तो वायरलेसवर बोलतो, पुढची बोट वाट बघते. हेरबोर्गनं ती ओळसुद्धा उतरवून घेतली. मग तिच्यावर पेन्सिलीनं सरळ रेघ मारली.

शनिवार उजाडला तो नैर्ऋत्येचा वारा घेऊनच. फार नव्हता, पण पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले होते. मी खिडकीतून ते बघितले आणि कोट चढवला. हेरबोर्ग धक्क्यावर माझ्या आधी येऊन उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बटाट्याच्या गोड पोळ्यांचा डबा, पाठीवरच्या पिशवीत चर्चसाठी इस्त्री केलेला पारंपरिक पोशाख. बोट वळली. दहा पोती उतरली. खलाशी म्हणाला, "कोंबड्या आहेत का घोडे?" आम्ही चढलो. पोती धक्क्यावर तशीच, वर ताडपत्री टाकून.

सान्नेशेनला बोट वेळेवर लागली. दुसरी बोटही वेळेवर सुटली. हेरबोर्गच्या गालावर रंग चढला. तिनं खिडकीजवळची जागा पकडली आणि पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ताठ बसली. तिकीटही तिनं मुद्दाम तुकड्यातुकड्यांनीच काढलं होतं, हेस्तविकापर्यंतचं वेगळं. पुढं कुठं जाणार असं कुणी विचारूच नये म्हणून.

"बघ, बघ," ती म्हणाली. सात बहिणी ढगातून एकेक बाहेर येत होत्या, खांद्यावर अजून बर्फ. पहिली दिसली, दुसरी दिसली. तिसरीपाशी बोटीचा वेग मंदावला.

एका छोट्या बेटावर मेंढ्या चढवायच्या होत्या. मे महिन्यात कोकरं झालेल्या मेंढ्या चरायला बाहेरच्या बेटांवर नेतात, त्यात नवल काही नाही. सगळ्या चढल्या, एक चढेना. फळीच्या मधोमध तिनं पाय रोवले आणि मालक मागून ढकलतोय, खलाशी पुढून ओढतोय, कोकरू बोटीतून ओरडतंय. वारा बोटीला धक्क्यापासून लांब ढकलायचा, कप्तान पुन्हा जवळ आणायचा. प्रवासी खिडक्यांना नाक लावून हसत होते. हेरबोर्ग हसत नव्हती. तिनं घड्याळाकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं, मग बाही खाली ओढून घड्याळ झाकून टाकलं.

"मेंढीसाठी थांबली बघ बोट," मी म्हटलं. हा काही सल्ला नव्हता.

"तो माल आहे," ती म्हणाली.

मेंढी एकदाची चढली. बोट मोकळ्या पाण्यात आली आणि वारा समोरून लागला. काचेवर पाणी आपटायला लागलं. उरलेल्या बहिणी कधी मागे पडल्या ते आम्ही दोघींनीही बघितलं नाही. बोट जितकी जोर लावत होती तितका उशीर वाढतच होता, आणि हे हेरबोर्गला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. डब्याच्या झाकणावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

तेवढ्यात दाढीवाला खलाशी आतून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आपल्याला उशीर झालाय. हेस्तविकाहून पुढं दक्षिणेला कुणी जाणार आहे का? असेल तर आत्ता सांगा, त्या बोटीला कळवतो. नाहीतर ती निघून जाईल."

मी हेरबोर्गकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, नुसतं पाणी.

"कुणी नाही?" खलाशानं एकदा सगळीकडे नजर फिरवली. "बरं."

तो निघून गेला. दार लागलं. ही बाई आपलं घर, आपलं कुरण, खिडकीतून दिसणारा धक्का, सगळं सोडून त्या बटणवाल्या खोलीत जाऊन राहायला तयार होती, पण हात वर करायला तयार नव्हती. नातीचं कन्फर्मेशन सोडून खडकावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर कुडकुडायलाही तयार होती. आणि मी स्टाइनारला शब्द देऊन बसले होते. मनात आलं, खड्ड्यात गेला तो शब्द. उठावं आणि त्या दाढीवाल्याची कॉलर धरावी. पण मग मीच तिला हरवलं असतं. तेही मला नको होतं.

हेस्तविका दिसायला लागली. खडक, शेड, आणि धक्क्याला लागलेली ब्रोनोयसुंदची बोट. अजून उभी होती.

"हेरबोर्ग," मी म्हटलं, "मी तुला काही सांगणार नाही. मी माझं बोलते. त्या शनिवारी मी खीर केलीच नव्हती."

तिनं मान वळवली.

"एकटीसाठी कोण दूध आटवत बसणार? कधीचीच सोडलीये मी. मी खिडकीत बसून होते. सगळी दुपार. हातात काही काम नाही, समोर तुझं होडीघर. दार दिसत होतं, तू दिसत नव्हतीस. मनात म्हणत होते, कुणी येईल का, कुणी हाक मारेल का. हेरबोर्ग तरी मारेल. आणि तू तिथं पडून माझ्या खिरीची काळजी करत होतीस!" माझा आवाज फाटला. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. बघू देत. "मला बोलावलं असतंस तर मला बरं वाटलं असतं गं. तू मला तेवढंही दिलं नाहीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे निळे आहेत, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट दिसलं. मग तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि काठी घेतली.

बोट हलत होती आणि तिचा एक पाय धड नव्हता. बाकांच्या पाठी धरत धरत ती दारापर्यंत गेली. मी उठले नाही. तिनं दार उघडलं. खलाशी तिथंच दोर हातात घेऊन उभा होता.

"त्या बोटीला," हेरबोर्ग म्हणाली आणि थांबली. "त्या बोटीला द्यायचा काही माल आहे का?"

"माल? नाही. का?"

"टपाल?"

"आज शनिवार, आजी. कसलं टपाल?"

वाऱ्यानं तिचा रुमाल डोक्यावरून मागे सरकला होता, तोही तिनं नीट केला नाही. समोर, हेस्तविकाच्या धक्क्यावर, कुणीतरी खुंटावरचा दोर सोडवायला वाकलं होतं. जन्मभर ते काम केलेल्या बाईला ते किती वेळाचं असतं हे सांगायला नको होतं.

"मग मीच आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की खलाशानं कान पुढं केला. तशी ती ओरडली, धक्क्यावर ओरडायची तशी, "मी आहे! मला ब्रोनोयसुंदला जायचंय. थांबवा तिला. माझ्यासाठी थांबवा!"

"अहो, मग मघाशी बोलला का नाहीत?" म्हणत तो पळालाच.

ती बोट तोवर धक्क्यापासून सुटली होती. मधलं पाणी रुंद होत गेलेलं मी काचेतून बघितलं. आमच्या बोटीचा भोंगा वाजला, एकदा, मग परत. ती बोट जातच राहिली. हेरबोर्ग दारात उभी होती आणि तिच्या पाठीचा ताठपणा गेला होता. मी तिला असं वाकलेलं कधी बघितलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही.

मग त्या बोटीनं वळण घेतलं. मोठं, सावकाश वळण. आणि ती परत धक्क्याला लागायला आली.

फळीवरून उतरताना दाढीवाल्यानं तिला हाताला धरलं, आणि तिनं धरू दिलं. नव्या बोटीत आम्ही आत शिरलो तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. हेरबोर्ग मधल्या वाटेत उभी राहिली, लालबुंद, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्यामुळे खोळंबा झाला. माफ करा."

एका म्हाताऱ्यानं आपली पिशवी उचलून पायाशी घेतली आणि बाकावर जागा केली. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "खोळंबा कसला? माझी कॉफी प्यायची राहिली होती, ती झाली." आणि थर्मासमधली एक झाकणभर कॉफी हेरबोर्गच्या हातात दिली. हेरबोर्गनं ती दोन्ही हातांनी धरली.

पुढचा सगळा प्रवास ती एकच वाक्य बोलली. "हरले मी, योरुन."

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला स्वतःलाच कळत नव्हतं. पोचणार तर होतो. पण तिनं स्वतः घातलेली अट तिच्या लेखी अटच होती, आणि ही बाई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यातली नव्हे.

ब्रोनोयसुंदच्या धक्क्यावर स्टाइनार उभा होता, हात खिशात, संध्याकाळच्या उन्हात डोळे बारीक करून. हेरबोर्ग फळीवरून उतरली, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "मी बोट थांबवली. सुटलेली बोट परत बोलावली, सगळ्यांदेखत. सामान कधी बांधायचं ते सांग."

स्टाइनारनं माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं बोटीला? तू?"

"ती," मी म्हटलं. "स्वतः. ओरडून."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"मी फक्त खिरीविषयी बोलले."

त्याला काही समजलं नसावं. तो दोर बांधायच्या खुंटावर बसला आणि टोपी काढून त्या टोपीनंच तोंड पुसायला लागला. पुसतच राहिला. एवढा दांडगा माणूस, पण खांदे हलत होते.

"काय झालं रे?" हेरबोर्ग घाबरली.

"आई," तो म्हणाला, "कुणाकडे काही न मागता आली असतीस ना, तर सोमवारी मी तुला उचलून त्या घरात नेऊन टाकलं असतं. पैज गेली खड्ड्यात. मला रात्र रात्र झोप नाही आई फेब्रुवारीपासून. तू पोचशील हे मला माहीतच होतं. तू हाक मारशील का, ते बघायचं होतं."

हेरबोर्गला हे पचायला वेळ लागला. मग तिचा पारा चढला. "मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"सांगितलं असतं तर तू मला दाखवायला म्हणून हाक मारली असतीस."

तिनं माझ्या हातातला डबा ओढून घेतला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "पोळ्या मोडल्यात. तू नीट धरला नाहीस."

रविवारी तूवा चर्चमध्ये छान दिसली, मोडक्या पोळ्या सगळ्यात आधी संपल्या, आणि सोमवारी स्टाइनारनं त्या घराला नको म्हणून कळवलं. परतीची बोट हेरबोर्गनं स्वतः फोन करून स्वार्तोयाला वळवली. फोनवर तिनं तीनदा माफी मागितली, पण केला फोन. येताना सातही बहिणी बघितल्या. दोन जरा ठेंगण्या आहेत, असं तिचं मत पडलं. कोंबड्यांचं खाद्य अजून माझ्या पडवीत आहे.

हे सगळं झालं आणि मला वाटलं, चला, सुधारली म्हातारी. पण माणूस एका बोटीत सुधारतो थोडाच? उन्हाळाभर ती पहिल्यासारखीच. शिडी मागायची नाही, मीठ मागायची नाही, वादळात उडालेला पत्रा एकटी ओढत बसायची. माझा राग होता तिथंच होता.

मग नोव्हेंबर आला. शनिवार होता, दुपार होती आणि पहिला बर्फ रात्रीच पडला होता. मी मुद्दाम खीर केली होती. बोटीतल्या त्या दिवसापासून शनिवारी करायला लागले आहे, एकटीसाठी का होईना. लोण्याचा गोळा नुकता वितळायला लागला होता. फोन वाजला.

"योरुन," पलीकडून हेरबोर्ग, "जेवतेयस का?"

"हो, का?"

नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे वारा.

"मग जेवून घे आधी," ती म्हणाली. "घाई नाही. पण जेवण झालं की ये. मी पडलेय."

मी चमचा टाकला आणि पायात मोजे होते तशीच बर्फातून धावले. धावताना मी तिला मोठमोठ्यानं शिव्या देत होते आणि रडत होते. कुरण ओलांडेपर्यंत होडीघराच्या दारातून तिचा आवाज यायला लागला होता. ती मला हाका मारत होती.